जुनापाणीची शिलावर्तुळं : नागपूरपासून अर्ध्या तासावरचं लोहयुग

शनिवार : अजब बंगला

नागपूरला बाहेरची माणसं येतात ती अधिवेशनाला, दीक्षाभूमीला, नाहीतर ताडोबा-पेंचच्या वाटेवर रात्र काढायला. मी मात्र दगड बघायला आले होते. काटोल रोडवर, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी नावाचं गाव आहे. त्याच्या आसपासच्या माळावर लोहयुगातली सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत. मोठाले धोंडे गोलाकार मांडायचे, मधे माती-दगडांची भर घालायची आणि त्या भरीखाली आपला मृत माणूस ठेवायचा, अशी ही रीत. महाराष्ट्रात अशी स्मारकं जवळपास सगळी विदर्भातच सापडतात. मी पुण्यात वाढले, शाळेत इतिहास शिकले, शंभरदा किल्ले चढले. पण यांच्याबद्दल वर्गात कोणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. म्हणून कित्येक वर्षं मनात होतं की एकदा जाऊन नीट, वेळ देऊन बघायचं.

रात्रीच्या गाडीनं सकाळी उतरले. आत्याकडे आंघोळ झाली, आतेभावानं कोपऱ्यावरून तर्री पोहे आणले, आणि दुपारी आम्ही सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात गेलो. नागपुरात त्याला कोणी संग्रहालय म्हणत नाही. रिक्षावाल्यालाही ‘अजब बंगला’ म्हणूनच सांगायचं. १८६३ सालची ही संस्था. जुनापाणीच्या आधी इथे यायचं हे मी ठरवूनच आले होते. माळावर गेल्यावर दिसतात ते नुसते दगड. त्यांच्या पोटात काय होतं ते उत्खननातून बाहेर आलं आणि संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसलं. ते आधी बघितलं नाही तर माळावर कल्पनेला धरायला काही उरत नाही.

विदर्भातल्या या काळाची ओळख पटते ती तिथल्या लोखंडावरून आणि मडक्यांवरून. कुऱ्हाड घ्या. आपल्याला माहीत असलेल्या कुऱ्हाडीच्या पात्याला दांडा घालायला भोक असतं. या लोकांच्या कुऱ्हाडीला ते नाही. पातं दांड्याला लावून वरून आडव्या लोखंडी पट्ट्यांनी आवळून टाकलेलं. दांडा लाकडाचा, तो कधीच कुजून गेला. पट्ट्या मात्र पात्याला चिकटून गंजल्या आणि तशाच राहिल्या. त्या पट्ट्यांमुळेच अडीच हजार वर्षांपूर्वीच्या हाताची पकड कुठे असेल ते कळतं. याशिवाय छिन्नी, खंजीर, बाणाची टोकं, आणि घोड्याच्या तोंडात अडकवायची कडी.

मडकी दोन रंगांची. आतून आणि गळ्यापाशी काळी, खाली बाहेरून तांबडी. हा रंग लावलेला नाही, तो आगीनं दिलेला आहे. भट्टीत मडकं उपडं ठेवलं की तोंडाकडच्या भागाला हवा मिळत नाही, तो काळा पडतो. उघड्या राहिलेल्या भागाला हवा मिळते, तो लाल होतो. कुंभाराला हे पक्कं माहीत होतं आणि त्याला तसंच हवं होतं. या सगळ्याचा काळ साधारण इसवी सनपूर्व ८०० ते ४०० असा मानतात. म्हणजे उत्तरेत बुद्ध आणि महावीर हिंडत होते तेव्हा इकडे नागपूरच्या माळावर वर्तुळं रचली जात होती.

संध्याकाळी आत्याकडे सावजी रस्सा. त्याबद्दल एवढंच की मी दोनदा वाढून घेतला आणि मग बराच वेळ कोणाशी बोलले नाही.

रविवार : जुनापाणी

उन्हाच्या आधी पोचायचं म्हणून सहाला घर सोडलं. फेब्रुवारीचा शेवट. नागपूरकर सांगतात की हे शेवटचे सुखाचे दिवस, मार्चचा मध्य उलटला की दहानंतर माळावर उभं राहवत नाही. दुसरं कारण असं की पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन-तीन महिने गवत कमरेपर्यंत असतं, त्यात गुडघ्याएवढे दगड बुडून जातात. आता गवत वाळून बसलेलं होतं. वहिनीनं डबा बांधून दिला, दादानं, म्हणजे त्याच आतेभावानं, गाडी काढली.

काटोल नाका ओलांडला की उजव्या अंगाला गोरेवाड्याचं जंगल लागतं. तिथला तलाव १९१२ सालचा, शहराला पाणी द्यायला बांधलेला; अलीकडे तिथे मोठं प्राणिसंग्रहालयही झालं आहे. समोरून काटोलकडचे संत्र्यांचे ट्रक येत होते. पळसाला नुकती फुलं आली होती, पानं गळालेली, त्यामुळे झाडं दुरूनही उठून दिसत. जुनापाणीच्या फाट्यापाशी गाडी वळवली, आणि पुरातत्त्व खात्याचा निळा फलक दिसला. ही जागा राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे.

पहिल्या दृष्टीत काही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कोणी लगेच परत फिरणार नाही. माळ आहे, बाभळी आहेत, इथेतिथे काळे धोंडे आहेत. विदर्भात काळ्या धोंड्यांचं काय नवल? पण दादा म्हणाला, “तू एक दगड पकड आणि त्याच्या शेजारचा शोध.” तसं केलं. शेजारी एक, त्याच्या शेजारी आणखी एक, आणि सातवा-आठवा सापडेपर्यंत ओळ वळायला लागलेली होती. मग आम्ही दोघं दोन बाजूंनी निघालो आणि पलीकडे एकमेकांना भेटलो. मधली जमीन किंचित फुगलेली. एवढं एक वर्तुळ कळलं आणि मान वर केली, तर चारही बाजूंना तीच वळणं, तेच फुगवटे. मोजायला लागले आणि सोडून दिलं. मोजण्यापेक्षा त्यांच्यातून चालणं जास्त बरं वाटलं.

काही वर्तुळं लहान, आठ-नऊ मीटरची. काही चांगली ऐसपैस. धोंडे बहुतेक ठिकाणी एकेरी, काही ठिकाणी दुहेरी. कुठे वर्तुळ पूर्ण आहे, कुठे निम्मे दगड कोणीतरी नेले आहेत. धोंडे सगळे बेसाल्टचे, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. दख्खनचा हा काळा खडक पूर्वेकडे नागपूरच्या आसपास संपतो आणि पुढे वेगळाच, त्याहून खूप जुना खडक सुरू होतो. वर्तुळं रचणाऱ्यांना दगड लांबून आणावा लागला नाही. पण लांबून आणला नाही म्हणजे श्रम कमी पडले असं नाही.

दादा बांधकामातला माणूस आहे. त्यानं खिशातून टेप काढला. एक मध्यम धोंडा साठ सेंटिमीटर लांब, पन्नास रुंद, चाळीस उंच भरला, म्हणजे साधारण ०.१२ घनमीटर. बेसाल्टचा एक घनमीटर जवळपास तीन टन. “साडेतीनशे किलोचा आहे हा,” दादा म्हणाला. “चार माणसांनी नाही उचलत. पहारी, लाकडाचे ओंडके, दोर, सगळं लागते.” असे चाळीस धोंडे धरले तरी एका वर्तुळाचे चौदा टन होतात. मग त्यानं भरीचा हिशेब केला. बारा मीटर व्यासाचं वर्तुळ, मधे एक मीटर उंच आणि कडेला उतरती भर, सरासरी अर्धा मीटर धरली तर छप्पन घनमीटर माती आणि गोटे. आजच्या साईटवरच्या घमेल्यात पंधरा लिटर माल मावतो असं धरलं तर साडेतीन हजारांहून जास्त घमेली. तेव्हा घमेलं नव्हतं, टोपल्या असतील, चामड्याच्या झोळ्या असतील. एका माणसासाठी.

मला त्या सकाळी सगळ्यात जास्त हलवून गेलं ते हे. कारण याच लोकांची राहती घरं जिथे सापडली आहेत, टाकळघाटला, नायकुंडला, भागीमोहारीला, तिथे दगडाची घरं नाहीत. मातीची जमीन, लाकडी खांब रोवलेले खळगे, चुली, राख, मडक्यांचे तुकडे. वर कूड आणि गवताचं छप्पर असणार. अशी घरं दोन-चार पावसाळ्यांनी बदलायची. गहू, जव, तांदूळ, मसूर पिकवायचे, गुरं पाळायची, आणि आपण स्वतः गवताखाली राहून मेलेल्या माणसाला दगडाचं घर बांधायचं. त्यांनी टिकाऊ वस्तू कोणासाठी राखून ठेवली हे बघितलं की त्यांच्या मनात कोण मोठं होतं ते कळतं. आज त्यांचं गाव शोधायला कुदळ लागते, त्यांची स्मशानं मात्र चालता चालता पायाला लागतात.

अर्थात प्रत्येकाला वर्तुळ मिळालं असेल असं वाटत नाही. एवढे श्रम, एवढं लोखंड, तांब्याची भांडी, घोडा. हे सगळं जमिनीत घालायची ऐपत आणि मान थोड्यांचाच असणार. उरलेल्यांचं काय केलं असेल? जाळलं, नदीत सोडलं, की साधं पुरलं? वर्तुळातही बऱ्याचदा पूर्ण सांगाडा मिळत नाही. थोडीच हाडं मिळतात. म्हणजे देह आधी दुसरीकडे ठेवायचा, आणि नंतर उरलेली हाडं गोळा करून इथे आणायची. माणूस गेल्यानंतर कित्येक दिवसांनी, कदाचित महिन्यांनी, सगळी माणसं पुन्हा जमत असतील. आपल्याकडे अस्थी वेचायला जातात तेव्हाची शांतता ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे फार परकं वाटणार नाही.

सूर्य जरा वर आला तेव्हा आम्ही कपाच्या खुणा शोधायला लागलो. यासाठीच सकाळची वेळ. काही धोंड्यांवर वाटीसारखे उथळ, गोल खळगे कोरलेले आहेत, रुपयाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे. डोक्यावर ऊन आलं की ते सपाट दिसतात आणि हरवतात. तिरप्या उन्हात प्रत्येक खळग्यात सावली बसते. पहिला दगड दादानं दाखवला. खळगे एका सरळ ओळीत. दुसऱ्यावर दोन ओळी एकमेकींना छेदून अधिकाच्या चिन्हासारख्या. तिसऱ्यावर नुसते विखुरलेले. बोट घातलं तर कड गुळगुळीत, म्हणजे ठोकून मग घासलेली. बेसाल्ट किती चिवट असतो ते ज्यानं छिन्नी मारली आहे त्याला विचारावं.

या खुणा आजवर अनेकांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं वाचल्या. जे. एच. रिव्हेट-कार्नाक हा इंग्रज अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. कापसाच्या कामासाठी फिरता फिरता त्यानं इथली वर्तुळं उकरली आणि १८७९ साली त्याबद्दल लिहिलं. त्याला ब्रिटनमधल्या दगडांवरच्या अशाच खुणा आठवल्या आणि या लोकांचं तिकडच्या लोकांशी नातं असेल असं वाटलं. त्या काळच्या गोऱ्या अभ्यासकांना भारतात काही चांगलं दिसलं की ते बाहेरून आलं असं वाटायचं. ‘सिथियन’, म्हणजे मध्य आशियाकडचे प्राचीन भटके लोक, हा शब्द तर त्यांच्या लेखांत सारखा भेटतो. अलीकडे मयंक वाहिया (तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) यांच्यासारख्या खगोल अभ्यासकांनी भारतातल्या महापाषाणांचा, म्हणजे मोठ्या दगडांच्या अशा प्राचीन स्मारकांचा, आकाशाशी काही संबंध लागतो का ते तपासलं आहे. मला स्वतःला ओळींच्या दिशा बघताना ही शंका रास्त वाटली. पण खळगे मोजायची, जोडायची घाई करू नये असंही वाटलं. खळगा आकाशासाठी असेल, मोजणीसाठी असेल, मेलेल्यासाठी पाण्याचे चार थेंब धरायला असेल. दगडावर हात ठेवून उभं राहिलं की एवढं नक्की कळतं की कोणीतरी इथे बसून बराच वेळ, मन लावून, ठक ठक करत होतं.

स्वातंत्र्यानंतर इथलं शास्त्रशुद्ध उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९६१–६२ मध्ये केलं. तीन वर्तुळं उघडली. तेच थापर पुढे सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. तीनशेपैकी तीन, हे प्रमाण मला आवडलं. उरलेली पुढच्या पिढ्यांच्या हाती अधिक चांगली साधनं येतील तेव्हासाठी राखून ठेवायला हवीत.

आम्ही खुणा बघत असताना एक म्हातारे गुराखी शेळ्या घेऊन आले. बराच वेळ लांबून बघत होते. मग जवळ येऊन म्हणाले, “काय पाहून रायले जी?”

“गोटे पाहून रायलो, काकाजी,” दादा म्हणाला. “हे माही बहीण. पुण्याहून आली.”

“पुण्याहून? गोटे पाहाले?” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “बसा न मंग सावलीत. पानी हाये का?”

आम्ही बाभळीखाली बसलो. त्यांनी आमच्याकडचं थेपलं घेतलं, आम्ही त्यांची चिलीम नको म्हटलं. मी विचारलं, “काकाजी, हे कोणी मांडले म्हणतात गावात?”

“आमचे बुढे सांगत, गवळ्यायचं हाये म्हणे हे. गवळी राजे होते, त्यायचे गायीचे कोठे.” थोडं थांबून म्हणाले, “पण कोठा असता तं दार असतं न बाई. याले दार कुठी हाये?”

हे ऐकून मी चकित झाले. गवळ्यांची ही कथा जुन्या इंग्रजी अहवालांतही येते, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ ती या भागात सांगितली जाते आहे. आणि ती सांगता सांगताच काकाजी तिची परीक्षाही करत होते, तेही दगड नीट बघून. वर्तुळाला दार नाही, हे निरीक्षण कुठल्याही पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यानं वहीत लिहावं असं आहे. जिथे आत-बाहेर करायचं नसतं तिथेच दार लागत नाही.

त्यांनी आणखी एक सांगितलं. त्यांच्या लहानपणी गोटे आताच्यापेक्षा पुष्कळ होते. रस्ता झाला, घरं झाली, शेताचे बांध घातले, तेव्हा लोकांनी उचलून नेले. मला यात लोकांचा राग आला नाही. ज्याच्या घरापुढे चिखल आहे त्याला समोरचा दगड म्हणजे दगडच दिसणार, जोवर कोणी त्याच्याशी बसून बोलत नाही. राग येतो तो आपल्या सगळ्यांच्या गाफीलपणाचा. नागपूर शहर या बाजूला भराभर वाढतं आहे. भूखंडांच्या जाहिराती रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या आहेत. संरक्षित क्षेत्राला कायद्याचं कुंपण आहे, पण विदर्भातल्या कितीतरी वर्तुळांना ते नाही, आणि ती खाणीत, शेतात, लेआउटमध्ये जात आहेत. एक वर्तुळ सपाट व्हायला जेसीबीला अर्धा तास पुरतो. शाळांच्या सहली इथे यायला हव्यात. गावातल्या पोरांना यातलं सांगता यायला हवं, आणि सांगण्याचे पैसेही मिळायला हवेत.

‘नागपूरचं स्टोनहेंज’ असंही काही जण या जागेला म्हणतात. मला ते पटत नाही. स्टोनहेंजचे उभे दगड यांच्याहून सुमारे दोन हजार वर्षांनी जुने, एकाच जागी, वर चढवलेले, लांबून दिसावेत असे. इथे कोणालाही उंच काही करायचं नव्हतं. ते एकेक करून, पिढ्यांमागून पिढ्या, शेजारी शेजारी जागा धरत गेले. तीनशे कुटुंबांनी म्हणा किंवा तीनशे शोकांनी म्हणा. तिकडच्या मोठेपणाशी तुलना केली की इथलं वेगळेपण हातातून निसटतं.

डबा खाऊन दुपारी माहुरझरीकडे गेलो. जुनापाणीपासून फार लांब नाही, याच रस्त्याच्या पट्ट्यात. इथे प्रा. शां. भा. देव यांनी १९७०–७२ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केलं. विदर्भाच्या लोहयुगाबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला मोठा वाटा या एका माणसाच्या कष्टाचा आहे; टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड, सगळीकडे त्यांचं नाव येतं. माहुरझरीच्या वर्तुळांत तांब्याच्या मुठीचा लोखंडी खंजीर मिळाला, सोन्याच्या पातळ पत्र्याचे दागिने मिळाले, आणि घोडे मिळाले. घोड्यांच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही. हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या, म्हणजे धन्याबरोबर घोडा बळी दिला होता. हे वाचताना दरवेळी माझ्या पोटात तुटतं. नागपूरच्या काळ्या मातीत घोडा सांभाळणं सोपं नाही. तो बाहेरून आणलेला, महागाचा, आणि रोज खरारा करून, नावानं हाक मारून वाढवलेला असणार.

माहुरझरीची दुसरी ओळख मण्यांची. अकीक, कार्नेलियन हे दगड बेसाल्टच्याच पोकळ्यांत तयार होतात, त्यामुळे कच्चा माल पायाखालीच. इथे मणी घडवायचं काम लोहयुगात चालू होतं आणि पुढे कितीतरी शतकं, वाकाटकांच्या काळापर्यंत चाललं. तांबड्या कार्नेलियनवर क्षाराच्या लेपानं नक्षी काढायची आणि मग तापवायचं. लेप असेल तिथे पांढरी रेघ कायमची उमटते. शेताच्या बांधावर मलाही एक छिलका दिसला, अर्धपारदर्शक, नारिंगी. फोटो काढला आणि तिथेच ठेवला. अशा जागी एखादा तुकडा कुठे पडला आहे यालाही अर्थ असतो. उचलून घरी आणला की तो नुसता छान दगड उरतो. संरक्षित जागेवरून काही उचलणं हा गुन्हाही आहे.

सोमवार : टाकळघाट

दादाला कामावर जायचं होतं. माझी गाडी संध्याकाळची. म्हणून एकटीच एसटीनं बुटीबोरीला गेले आणि तिथून ऑटोनं टाकळघाटला. कारखान्यांचा मोठा पट्टा आहे हा. ट्रकांच्या रांगांतून पुढे गेलं की एकदम कापसाची शेतं लागतात, बहुतेकांत नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. टाकळघाटला त्या काळच्या वस्तीची पांढरी, म्हणजे जुन्या गावाचं टेकाड, आहे आणि जवळच खाप्याला वर्तुळं. १९६८–६९ मध्ये प्रा. देवांनी दोन्ही ठिकाणी खोदलं, राहणाऱ्यांचं गाव आणि त्यांचं स्मशान एकमेकांशी जोडून दाखवलं. बघायला इथे फारसं काही नाही. मी आले होते ते एका माणसाच्या आठवणीसाठी.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. धर्माचं काम करता करता त्यांनी इथले खडक, जीवाश्म, गोंडांच्या कथा, गाणी सगळं गोळा केलं. मध्य भारताच्या भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्यांच्यावरून, आणि नागपूरचं हिस्लॉप कॉलेजही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची शिलावर्तुळं बघायला आले होते. परतताना ते एकटे घोड्यावरून निघाले, रात्र झाली, वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता आणि ते त्यात वाहून गेले. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली असती. त्यांनी जमवलेले कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली गोंडांची कथा आजही अभ्यासक वापरतात.

हिस्लॉप यांच्या धर्मप्रसाराबद्दल मला आस्था नाही. पण शेताकडेला उभं राहून सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळचा विचार केला तेव्हा त्यांच्याबद्दल फार जवळचं वाटलं. भर पावसाळ्यात, चिखल तुडवत, हा माणूस दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या कबरी समजून घ्यायला इथे आला होता. खापा-टाकळघाटचा एक साधा फलक उभारला तर त्यावर प्रा. देवांबरोबर हे नावही यावं असं मला मनापासून वाटतं.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, “टाकळघाटले देवदर्शनाले आल्या होत्या का?” मी वर्तुळांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या माहेरी, उमरेडच्या अंगाला, शेतात असेच गोटे आहेत, त्यांचे वडील तेवढी जागा सोडून नांगर घालायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी गावाचं नाव लिहून घेतलं.

कोणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, सकाळी लवकर. पाणी बरोबर घ्या, जवळ दुकान नाही. पायात बूट हवेत, गवतात कुसळं आणि काटे फार. संग्रहालय आधीच्या दिवशी करा आणि सोमवारी उघडं आहे का ते विचारून घ्या. वर्तुळाच्या धोंड्यांवर बसू नका, खळग्यांत खडू भरून फोटो काढू नका.

नायकुंड या वेळी राहिलं. पेंच नदीकाठच्या त्या गावात १९७८–८० च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, मातीच्या वळणदार विटांची, भात्याच्या नळ्यांसकट. कुऱ्हाडी आणि खंजीर जिथून येत होते ती जागा. दादानं पुढच्या डिसेंबरातला एक रविवार मोकळा ठेवायचं कबूल केलं आहे, आणि वाटेत उमरेडकडचं ते शेतही बघायचं ठरलं आहे. खरं तर दोन्ही गावं दोन टोकांना आहेत, पण दादा म्हणाला, “आपण काढू न दिवस.”